नाना शंकरशेठ ‘रेल्वेचे जनक’ होते की नुसते मानाचे डायरेक्टर?

प्रश्न असा आहे: मुलीला शाळेत नाना शंकरशेठ यांच्यावर प्रकल्प आहे, आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. आजोबा म्हणतात नानांनीच भारतात रेल्वे आणली, ते भारतीय रेल्वेचे जनक. मामा म्हणतो सगळं इंग्रजांनी केलं, पैसा त्यांचा, इंजिन त्यांचं, इंजिनिअर त्यांचे, नाना फक्त नाव द्यायला होते. तर नेमकं काय केलं त्यांनी, स्वतःचे पैसे घातले का, आणि रेल्वेने त्यांना प्रवासाला सोन्याचा पास दिला होता म्हणतात ते खरं का.

मी रेल्वेच्या हिशोब खात्यात ३४ वर्षं काढली, बहुतेक सगळी बोरीबंदरच्या, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या, त्या दगडी इमारतीत. रिटायर झाल्यावर लोकांना ती इमारत फिरवून दाखवतो, त्यामुळे हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. आधीच सांगतो, आजोबाही पूर्ण बरोबर नाहीत आणि मामा तर त्याहून कमी बरोबर आहे. सोन्याच्या पासवर मी वेळ घालवणार नाही. पास सोन्याचा होता की पितळेचा यावरून माणसाने काय केलं ते कळत नाही, आणि प्रकल्पात मुलं नेमकं तेच पहिल्या पानावर लिहितात!

मुळात आपल्याकडे तीन-चार वेगळ्या माणसांची कामं एकत्र करून टाकतात. रेल्वे बांधतो तो कंत्राटदार, आखतो तो इंजिनिअर, पैसा घालतो तो शेअरहोल्डर, आणि हे तिघं एका टेबलाशी बसण्याआधी ‘अशी एक गाडी पाहिजे आणि ती चालेल’ असं चार वजनदार लोकांना पटवून देतो तो प्रमोटर. कंपनी कायद्यात त्याला प्रवर्तक म्हणतात. नाना प्रवर्तक होते. हा शब्द एकदा डोक्यात बसला की अर्धं भांडण मिटतं.

आता माणूस कोण ते बघू. जगन्नाथ शंकरशेठ, मूळ आडनाव मुरकुटे, दैवज्ञ समाजातलं सावकारी-व्यापारी घराणं, मूळ मुरबाडकडचं. जन्म १८०३. आजोबांच्या वेळेपासून घर मुंबईत जमलेलं, पणजोबा गणबाशेठ यांच्या नावावरून फोर्टमध्ये गनबो स्ट्रीट पडली असं म्हणतात, म्हणजे इंग्रजांनी गणबाचा गनबो करून टाकला. १८२२ साली वडील गेले तेव्हा नाना विशीच्या आतबाहेर होते आणि पेढी अंगावर आली. त्या वयात आमच्याकडे पोरं अकाउंट्सच्या परीक्षेला बसायची आणि पहिल्या अटेम्प्टला नापास व्हायची, असो.

या पेढीबद्दलची एक गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती लोक एका वाक्यात उरकून पुढे जातात. अरब, अफगाण आणि बाहेरून येणारे इतर व्यापारी आपला पैसाअडका बँकेत ठेवण्यापेक्षा नानांकडे ठेवायचे. विचार करा, परमुलखातला माणूस, घोडे विकून किंवा मोती, सुका मेवा विकून रोकड हातात आलीय, परत जहाजावर चढेपर्यंत ती कुठे ठेवायची? तर गिरगावातल्या एका शेठच्या तिजोरीत. याला बाजारात पत म्हणतात. पैसा असणं वेगळं आणि पत असणं वेगळं, कुठलाही हुंडीवाला हे सांगेल. पैसा बापाकडून येतो, पत दर दिवाळीला वह्या बंद करताना नव्याने कमवावी लागते. रेल्वेत नानांनी जे घातलं ते मुख्यतः हे घातलं.

आता १८४३-४४ ची मुंबई बघा. शहराला बंदर आहे, जहाजं आहेत, मॅंचेस्टरला कापूस पाहिजे आहे, आणि कापूस आहे कुठे, तर खानदेशात, वऱ्हाडात, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडे. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० ला झाला होता, तरी मुख्य वाहतूक बैलावरच. वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून यायला महिने लागायचे, वाटेत धूळ, पाऊस, चोऱ्या, एखाद्या वर्षी चारापाणी नसलं की बैल मरायचे आणि माल जागच्या जागी पडून. पावसाळ्याचे चार महिने तर धंदा बंदच. मुंबईच्या कुठल्याही व्यापाऱ्याला घाट हा कपाळावरच्या आठीसारखा रोज दिसत होता. म्हणजे नानांना रेल्वे हवीशी वाटली ती काही देशात आधुनिकता यावी एवढ्यासाठीच नव्हे, धंद्याचा साधा हिशोब होता. यात कमीपणा काही नाही हो, प्रकल्पात मात्र मुलं ‘देशसेवेसाठी’ एवढंच लिहितात, म्हणून सांगतो.

मुंबईहून ठाणे-कल्याणकडे आणि पुढे घाटाकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क नावाच्या इंजिनिअरला भांडुपला गेला असताना सुचली असं जुन्या नोंदींमध्ये येतं. जुलै १८४४ मध्ये सरकारकडे प्रस्ताव गेला. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी इंडियन रेल्वे असोसिएशन उभी केली. त्याच वेळी तिकडे लंडनमध्ये जॉन चॅपमन नावाचा माणूस, मूळ धंदा लेस विणायची यंत्रं बनवण्याचा, तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची जुळवाजुळव करत होता. त्याची उडी मोठी, त्याला मुंबईपासून थेट पूर्व किनाऱ्यापर्यंत गाडी न्यायची होती, नावातला पेनिन्सुला तिथून आला. तो १८४५ मध्ये स्वतः मुंबईला आला, मार्गाची पाहणी केली. मुंबईची मंडळी आणि लंडनची मंडळी शेवटी एकाच कंपनीत आली, तीच जीआयपी. तिच्या दहा डायरेक्टरांत भारतीय दोघेच, जमशेटजी आणि नाना, असं सगळीकडे नोंदलेलं आहे.

इथे मामा म्हणेल, बघा, दहात दोन. बरोबर आहे, पण हे दोन का घेतले ते बघ ना. लंडनहून आलेल्या माणसाला मुंबईत कोण ओळखत होतं? सरकार विचारणार, या गाडीला माल कोण देणार? इथले व्यापारी खरंच ती वापरतील का? एखादा साहेब उठून सांगेल ‘हो देतील’, तर त्याला किंमत किती? तेच जमशेटजी आणि नाना सांगतात तेव्हा त्यामागे पारशी बाजार, गुजराती बाजार, मराठी बाजार सगळा उभा आहे असं धरलं जायचं. जमशेटजी चीनच्या व्यापारातला माणूस, पहिला भारतीय सर. नाना शहरातल्या हिंदू वस्तीचा बिनमुकुटाचा म्होरक्या. दोघं एका कागदावर सही करतात म्हणजे शहर सही करतं, हा अर्थ होता त्याचा.

आणि समोर विरोध काय होता ते वाचून हसू येतं. मे १८४५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या डायरेक्टरांनी भारतात रेल्वेला काय काय अडचणी येतील याची यादीच कलकत्त्याला लिहून पाठवली. अधूनमधून येणारा मुसळधार पाऊस आणि पूर, जोराचे वारे आणि डोक्यावरचं ऊन, लाकडाला लागणारी कीड-वाळवी, रुळांखाली-रुळांवर आपोआप माजणारं रान, बिनकुंपणाचे मुलूख, आणि लायक इंजिनिअर मिळणार कसे व परवडणार कसे. मला यातली वाळवी फार आवडते. पण खरं सांगू का, यादी चुकीची नव्हती. मी नोकरीत असेपर्यंत दर जूनला आमच्याकडे रुळांवर पाणी आलं की गाड्या ठप्प व्हायच्या आणि दर ऑक्टोबरला गवत कापायच्या कंत्राटाचं बिल यायचं, कधीकधी दोनदा. १८४५ च्या त्या साहेबांना भेटलो असतो तर म्हणालो असतो, महाराज, पाऊस आणि रान दोन्ही तुम्ही बरोबर ओळखलंत, गाडी तरीही चालते.

आता पैशाचा भाग. इथे आजोबांना थोडं वाईट वाटेल. इंग्लंडमध्ये त्या सुमाराला रेल्वे शेअरचा फुगा फुगला आणि फुटला, १८४७ ला तिथे मोठी मंदी, नवीन परदेशी कंपनीत पैसा घालायला कोणी तयार नाही. मग घासाघीस सुरू झाली ती हमीची. शेअरहोल्डर म्हणाले, नफा होवो न होवो आम्हाला ठरलेलं व्याज सरकारने द्यावं. कंपनी सरकार आधी तीन टक्के, मग चार, असं करत शेवटी पाचवर आलं. १ ऑगस्ट १८४९ ला ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने जीआयपी अधिकृत झाली आणि त्याच महिन्यात, १७ तारखेला, ईस्ट इंडिया कंपनीबरोबर करार. भांडवल ५ लाख पौंड, पहिल्यांदा प्रयोग म्हणून साधारण ३५ मैलांची लाईन, जमीन सरकारकडून फुकट ९९ वर्षांसाठी, आणि भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी.

आमच्या खात्यात नवीन पोरांना मी हा हिशोब फळ्यावर करायला लावायचो, तुमच्या मुलीलाही करायला सांगा. करारात रुपयाचा भाव धरला होता १ शिलिंग १० पेन्स, म्हणजे २२ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे एक पौंड साधारण १०.९ रुपयांचा. ५ लाख पौंड म्हणजे झाले साडेचोपन्न लाख रुपये. त्यावर ५ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख ७३ हजार रुपये, गाडी एक इंचभर चालायच्या आधीपासून, इथल्या सरकारी तिजोरीतून, म्हणजे शेवटी इथल्या शेतसाऱ्यातून. बरं, कंपनीला वाटलं की हे काही जमत नाही, तर सहा महिन्यांची नोटीस देऊन लाईन सरकारच्या गळ्यात मारून घातलेलं भांडवल परत घ्यायचीही सोय. असा करार मला कोणी दिला असता तर मीही रेल्वे काढली असती.

तर शेअर कोणी घेतले? जवळजवळ सगळे इंग्लंडमध्ये. पुढे सगळ्या भारतीय रेल्वे कंपन्यांचं मिळून बघितलं तरी भारतीयांचं भांडवल टक्का-दीड टक्क्याच्या आसपास. त्याचं कारण देशप्रेम कमी होतं असलं काही नाही. मुंबईच्या सावकाराला त्याच्या पैशावर बाजारात ९ टक्के, १२ टक्के सहज सुटत होते, तो ५ टक्क्यांत पैसा अडकवून कशाला बसेल? उलट लंडनच्या विधवेला, पाद्र्याला, रिटायर कर्नलला सरकारी हमीचे ५ टक्के म्हणजे दिवाळी, कारण तिथे सरकारी रोख्यांवर तीन-सव्वातीन मिळत होते. म्हणून ‘नानांच्या पैशाने रेल्वे आली’ हे वाक्य काढून टाका प्रकल्पातून. रेल्वेचा पैसा लंडनमधून उभा राहिला आणि त्याची जोखीम इथल्या रयतेवर पडली. आणि एकदा हमी मिळाल्यावर कंपनीचे खरे निर्णयही लंडनला व्हायला लागले, मुंबईची कमिटी स्थानिक काम बघायची. ‘जनक’ शब्द मला त्यासाठीच पटत नाही, नानांना कमी लेखायचं म्हणून नव्हे. ज्याच्या हातात शेवटचा निर्णय नाही त्याला जनक म्हटलं की त्याच्याकडून न झालेल्या गोष्टीही त्याच्या नावावर चढतात, चांगल्या आणि वाईट दोन्ही.

मजेची गोष्ट म्हणजे चॅपमनचंही तेच झालं. ज्याने लंडनमध्ये पायऱ्या झिजवून ही हमी मिळवायला वर्षं घालवली त्याला कंपनी उभी राहता राहता बाजूला केलं, आणि तो १८५४ ला कॉलऱ्याने गेला. प्रमोटरच्या जातीचं नशीबच असं असतं, गाडी सुटली की त्याला कोणी विचारत नाही.

३१ ऑक्टोबर १८५० ला सायनजवळ पहिली कुदळ पडली. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली त्याच वर्षी फेब्रुवारीत आला होता, कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलरकडे. पुढचं तर सगळ्यांना पाठ आहे, १६ एप्रिल १८५३, शनिवार, दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून ठाण्याला गाडी, २१ मैल, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी. नाना त्या गाडीत होते. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र नव्हता, तो आदल्या संध्याकाळीच थंड हवेला डोंगरावर निघून गेला होता, बँड तेवढा ठेवून गेला. मला हे फार बोलकं वाटतं. ज्या सरकारचा तो मुख्य, त्याच्यासाठी ही एक प्रयोगाची लाईन होती, आणि गाडीत बसलेल्या त्या दोनचार शेठजींसाठी दहा वर्षांची मेहनत. (आणि ही भारतातली पहिली ‘प्रवासी’ गाडी बरं का. मद्रासकडे रेड हिल्सला १८३७ मध्ये दगड वाहायला आणि रुरकीला १८५१ मध्ये कालव्याच्या कामाला आगगाडी आधी चालली होती. मुलीला ‘पहिली रेल्वे’ असं नुसतं लिहू देऊ नका, शिक्षक वाचणारा असला तर मार्क कापेल.)

आता मामाचा मुद्दा, ‘फक्त नाव द्यायला होते’. या माणसाने त्याच वर्षांमध्ये आणखी काय काय केलं ते शेजारी ठेवा. १८२२ पासून मुंबईत देशी शाळा आणि पुस्तकं काढणाऱ्या सोसायटीत, पुढे एल्फिन्स्टनच्या नावाने जी संस्था उभी राहिली तिच्यात. १८४० पासून सरकारच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनवर. तिथे १८४७ च्या सुमाराला अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचं म्हणणं होतं की शिक्षण इंग्रजीतूनच द्या, आणि नानांनी लेखी विरोध केला की सामान्य पोरांपर्यंत विद्या पोचवायची तर ती त्यांच्या भाषेतूनच पोचेल. सुप्रीम कोर्टाचा जज्ज, बोर्डाचा अध्यक्ष, त्याच्यासमोर बसून सांगतात तुमचं चुकतंय. १८४९ मध्ये मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा दिली, तेव्हा गावात काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. सोनापूरची स्मशानभूमी हलवून शिवडीला न्यायचा घाट घातला गेला तेव्हा लोकांच्या बाजूने उभे राहिले. २६ ऑगस्ट १८५२ ला बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, मुंबई इलाख्यातली पहिली राजकीय संस्था, नाना तिचे अध्यक्ष, आणि तिने थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज पाठवला की इथला कारभार नीट चालत नाही, इथल्या लोकांना त्यात घ्या.

तारखा जुळवून बघा जरा. ऑगस्ट १८५२ मध्ये सरकारविरुद्ध अर्ज करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, आणि एप्रिल १८५३ मध्ये सरकारने हमी दिलेल्या रेल्वेच्या पहिल्या गाडीत. नुसता मान डोलावणारा डायरेक्टर असा असतो का? सरकारला खूश ठेवायचं असतं तर रेल्वे पुरेशी होती. याचाच परिणाम म्हणा, १८५७ मध्ये बंडवाल्यांना फूस असल्याच्या संशयाची सुई नानांकडेही वळली. चौकशीत काही निघालं नाही, नाव साफ राहिलं. आणि मग १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलवर घेतलं. पाच वर्षांत संशयित ते कौन्सिलर! पत हो, दुसरं काय.

एक गोष्ट नानांच्या चरित्रांत सहसा सापडत नाही, पण रेल्वेवाला म्हणून सांगायलाच पाहिजे. ठाण्यानंतर लाईन १८५४ ला कल्याणला, १८५६ ला खोपोलीला पोचली, आणि १८५८ ला वरच्या बाजूने खंडाळा ते पुणे सुरू झाली. मधला घाट उरला. तोवर माणसं खोपोलीला उतरून पालखीने, डोलीने, बैलगाडीने खंडाळ्याला चढायची आणि वर पुन्हा गाडी धरायची. त्या घाटाचं काम म्हणजे साधारण १६ मैलांत १८०० फूट चढ, चढण ३७ ला १, पंचवीस बोगदे. मजूर दोरीला लटकून कड्यात सुरुंगाची भोकं पाडायचे. १८६१ च्या जानेवारीत या एका घाटावर ४२ हजारांवर माणसं कामाला होती. कॉलरा, ताप, दरडी, सुरुंग, किती गेले याची धड मोजदाद नाही. कंत्राटदार फॅव्हिएलच्या माणसांनी मजुरी थकवली, कापली, म्हणून १८५९ च्या सुरुवातीला घाटात मजुरांचा मोठा दंगा झाला, चौकशी बसली, आणि फॅव्हिएलने कंत्राट सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल आला, तो उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुढे चालवून पुरं केलं. घाट खुला झाला २१ एप्रिल १८६३ ला.

नानांनी ज्या घाटासाठी १८४४-४५ ला खटपट सुरू केली तो असा अठरा-एकोणीस वर्षांनी फुटला. कापूस उतरायला लागला, तोही नेमका अमेरिकेतल्या युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला असताना. पण त्या मजुरांच्या थकलेल्या पगाराची जबाबदारी कोणाची म्हणाल, तर ती मी नानांवर टाकणार नाही, कारण कंत्राटं त्यांच्या सहीने निघत नव्हती. म्हणूनच ‘जनक’ शब्द जपून वापरा म्हटलं. मुलीच्या प्रकल्पात या ४२ हजारांसाठी दोन ओळी ठेवल्यात तर बरं वाटेल. आणि आणखी एक नाव, जमशेटजी दोराबजी, पारशी कंत्राटदार. जीआयपीच्या लाईनची कामं घेऊन ती इंग्रज कंत्राटदारांच्या तोडीस तोड करून दाखवली त्याने. प्रत्यक्ष रूळ टाकणाऱ्या भारतीयांत नाव शोधत असाल तर हा माणूस, आणि त्याच्या नावाचा साधा चौकही माझ्या पाहण्यात नाही.

नाना ३१ जुलै १८६५ ला गेले. बरोबर एक महिना आधी, १ जुलैला, मुंबईचा शेअरबाजार कोसळला होता, बॅकबेत समुद्र बुजवायला निघालेल्या कंपनीच्या शेअरवाल्यांची धूळधाण, अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचा भाव पडला आणि सगळी हवाच निघून गेली. ज्या शहराची पत सांभाळण्यात त्यांचं आयुष्य गेलं त्याची पत मातीत जाताना बघूनच गेले म्हणायचं. पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या संस्कृतसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. रेल्वेच्या माणसाच्या नावाने संस्कृतचं बक्षीस, आणि कित्येक पिढ्यांनी नानांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते या शिष्यवृत्तीमुळे, रेल्वेमुळे नाही.

अजून एक गंमत, आणि ही प्रकल्पात घातली तर शिक्षक नक्की थांबून वाचतील. मुंबई सेंट्रल स्टेशनला नानांचं नाव द्यायचा प्रस्ताव बरीच वर्षं चालू आहे, तिथल्या मेट्रो ३ च्या स्टेशनला तर त्यांचं नाव आहेच, आणि नाना चौक ग्रँट रोडला. हे सगळं पश्चिम रेल्वेच्या बाजूला. पश्चिम रेल्वे म्हणजे जुनी बीबीसीआय, ती वेगळीच कंपनी, १८५५ ची. मुंबई सेंट्रल तर बांधलंच १९३० ला. नानांची गाडी ती नव्हेच, नानांची गाडी बोरीबंदरची! आता वस्ती त्यांची गिरगावात म्हणून नाव त्या बाजूला, ठीकच आहे, पण आम्हा जीआयपीवाल्यांच्या पोटात थोडं दुखतं.

बोरीबंदरला मात्र ते आहेत, फक्त बघायला मान वर करावी लागते. सीएसएमटीच्या दर्शनी भिंतीवर दगडी गोल चौकटींमध्ये दहा चेहरे कोरलेत, गव्हर्नर, रेल्वेचे साहेब वगैरे, त्यात आपले दोन, जमशेटजी आणि नाना. मी तिथे ३४ वर्षं आत-बाहेर केलं आणि पहिली अकरा वर्षं मला ते माहीतच नव्हतं. एकदा पावसात लोकल बंद, ऑफिसातून बाहेर पडून समोरच्या फुटपाथवर छत्री धरून उभा होतो, करायला काही नाही म्हणून इमारत बघत बसलो आणि सगळ्या उघड्या डोक्यांच्या साहेबांमध्ये एक पागोटं दिसलं. दुसऱ्या दिवशी सेक्शनमधल्या मोठ्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, अरे ते आपले पहिले डायरेक्टर, आणि परत फायलीत डोकं घातलं.

मुलीला घेऊन या एखाद्या रविवारी सकाळी, गर्दी कमी असते. रस्त्याच्या पलीकडे महापालिकेच्या बाजूला उभं राहा, जवळ गेलात तर चेहरे दिसत नाहीत. दुर्बीण असेल तर आणा. आणि जुने कागद ऑनलाईन शोधणार असाल तर आजचं स्पेलिंग टाकून काही हाती लागत नाही, इंग्रज ‘जुगोनाथ सनकरसेट’ (Juggonath Sunkersett) असं काहीतरी लिहायचे, तसं टाकून बघा.